डक कॉल नुसता 'चीं' करते, 'क्वॅक' काहून करत नाही?

भाऊ, आधी तुझा प्रश्न थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. तू अर्जुनी मोरगावकडचा, व्हिडिओ पाहून मानवेल बांबूचा डक कॉल, म्हणजे फुंकून बदकाचा आवाज काढायची नळी, केला, आत हवेनं थरथरणारी पत्ती म्हणून एक्स-रेच्या फिल्मची पट्टी लावली आणि फुंकलं की नुसता 'चीं' असा पिपाणीसारखा आवाज येऊन राहिला. खराद मशीन, म्हणजे लाकूड फिरवून गोल कापायचं यंत्र, तुझ्याकडे नाही. लाकूड कोणतं घेऊ, पत्ती कशाची लावू, आणि कॉल जमला तर तलावावर वाजवला तर चालते का, हे तुझे तीन प्रश्न. मी साकोलीच्या बाजूला राहतो, सतरा-अठरा वर्षं झाली हा नाद लागून, शंभराच्या वर कॉल केले असतील आणि त्यातले निम्मे तरी बिघडवले, तर जे माहीत आहे ते सगळं सांगतो.

लाकडाचा प्रश्न सध्या बाजूला ठेव. सगळे पोट्टे इथूनच सुरू करतात, शिसम घेऊ का सागवान घेऊ, पण आवाज येते टोनबोर्डातून आणि पत्तीतून, बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेतून. कॉलचे भाग चारच आहेत. बाहेरची नळी म्हणजे बॅरल, तिच्या एका तोंडातून फुंकायचं. दुसऱ्या बाजूनं तिच्यात घट्ट बसते तो इन्सर्ट. इन्सर्टचा नळीच्या आत जाणारा भाग अर्धा कापून वरून घासलेला राहते आणि त्याच्या मधून हवेची नाली गेलेली असते, तो टोनबोर्ड. त्यावर पत्ती आणि पत्ती दाबून धरायला पाचर. बस.

आता खरी गोष्ट. टोनबोर्ड पूर्ण सपाट नसते. पाचरीजवळ सपाट, आणि तिथून टोकाकडे हळूहळू उतरत गेलेला, आपल्या तलावाच्या पाळीचा उतार पाण्यात जाते ना तसा. त्यामुळे पत्तीचं टोक आणि बोर्डाचं टोक यांच्यात फट राहते. फुंकलं की हवा पत्तीला वाकवते, पत्ती त्या उतारावर आपटून नाली बंद करते, मग तिच्या स्वतःच्या ताणानं वर उठते, पुन्हा आपटते, आणि हे सेकंदात शेकडो वेळा होते. बदकाच्या आवाजातला जो खरखरीतपणा आहे तो या आपटण्यातून येते. उतारच दिला नाही किंवा फार कमी दिला तर पत्तीला आपटायला जागाच नाही, तिचं नुसतं टोक फडफडते आणि तुला ऐकू येते 'चीं'. तू पाठवलेल्या फोटोत तुझा बोर्ड आरशासारखा सपाट दिसून राहिला. अर्धा दोष तिथंच आहे.

बाकीचा अर्धा पत्तीचा. एक्स-रेची फिल्म साधारण ०.१७५ मिलिमीटर जाड असते. अमेरिकेत जिथून ही कला आली तिथं मायलरची पत्ती वापरतात, ०.०१० इंच नाहीतर ०.०१४ इंच, म्हणजे पाव मिलिमीटर आणि त्याच्यापेक्षा थोडी जाड ०.३५. मायलर म्हणजे पॉलिस्टरचीच फिल्म, कोल्ड्रिंकची बाटली ज्या पीईटीची असते त्याच जातीची, पण ताणून केलेली म्हणून चिवट. बाटलीची पट्टी कापून लावायची नाही असं नाही, मी सुरुवातीला तीच लावली, पण बाटलीला गोलाई असते आणि ती पत्तीत उतरते, मग कॉल एक दिवस वाजते आणि दुसऱ्या दिवशी मुका. त्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगचं पारदर्शक कव्हर मिळते, त्यातलं जाड कव्हर माग. जाडी मोजायला व्हर्नियर नसेल तर एकाच कव्हरच्या दहा पट्ट्या काप, एकावर एक ठेवून चिमटीत दाब आणि साध्या फूटपट्टीवर बघ. दहाची थप्पी तीन मिलिमीटर भरली तर एक ०.३ ची, एकदम कामाची.

एक्स-रेच वापरायची असेल तर दोन पट्ट्या लाव, एकावर एक. तिच्या दोन्ही बाजूंचा काळा थर आधी गरम पाण्यात भिजवून घासून काढ, तो तोंडात जायला नको आणि ओला झाला की चिकटते. वरच्या पट्टीला टोकाच्या अलीकडे बोथट खिळ्यानं एक बारीक फुगवटी दे, फुगवटी खाली येईल अशी, म्हणजे दोन पट्ट्या एकमेकींना चिकटत नाहीत. दोन पत्त्यांचा कॉल जरा घोगरा वाजते आणि नवीन माणसाला फुंकायला सोपा जाते. एका पत्तीचा कॉल जास्त बोलते पण दमावर ताबा पाहिजे.

माझी मापं सांगतो, ती वेदवाक्य समजू नको, तुझा हात वेगळा राहील. बॅरलचं भोक १६ मिलिमीटर, लांबी आठ-साडेआठ सेंटिमीटर. टोनबोर्डातली नाली पाच ते सहा मिलिमीटर रुंद. पत्ती दहा मिलिमीटर रुंद आणि साठ लांब कापतो, मग वाजवत वाजवत आखूड करत आणतो. टोकाशी फट दीड ते दोन मिलिमीटर. पत्ती आखूड केली की आवाज चढते, लांब राहिली की उतरते, आणि अर्धा मिलिमीटर म्हणजेही पुष्कळ झाला, म्हणून कात्रीनं एकदम तुकडा पाडू नको, नेलकटरनं नखाएवढं नखाएवढं काढ. टोकाचे दोन्ही कोपरे तिरपे छाट, चिरकणं बरंच कमी होते.

उतार काढायला जिग म्हणजे मापाचा साचा वगैरे लागत नाही. काचेचा जाड तुकडा घे, त्यावर १५० नंबरचा पॉलिश पेपर फेविकॉलनं चिकटव, आणि बोर्ड पालथा धरून स्वतःकडे ओढ, पुढं ढकलू नको. पहिले दहा-बारा हात सपाट. मग पाचरीकडची बाजू किंचित उचल आणि ओढ, आणखी किंचित उचल आणि ओढ, असं करत वजन टोकाकडे नेत जा. उजेडाकडे धरून बघ, उतारात कुठं पायरी दिसली तर आवाज तिथंच अडकेल. शेवटी ४०० चा पेपर, हलक्या हातानं. बोर्डाच्या टोकाची कड आणि नालीच्या दोन्ही कडा तीक्ष्ण राहू दे, गोल झाल्या की हवा बाजूनं निसटते आणि नुसता फुस्स होते.

इथं माझी एक चूक सांगतो. तेंदूच्या लाकडाचा गाभा म्हणजे काळा कुळकुळीत, एका सुताराच्या जुन्या सामानात मला वीतभर तुकडा मिळाला होता. इन्सर्ट केला, संध्याकाळी ओट्यावर बसून घासून राहिलो होतो, प्रत्येक दोन-तीन हातांनी पत्ती लावून फुंकायचो. आधी चीं, मग घों, मग एका क्षणी असा क्वॅक निघाला की बाजूच्या घरची बदकं माना वर करून ओरडायला लागली. तिथं थांबायचं ना, पण मला वाटलं अजून थोडा भारदस्त होईल, आणखी तीन हात ओढले. संपलं. फट वाढली, पत्ती आपटेचना, मोठा दम लावला तरी नुसती हवा. तेंदूचा दुसरा तसा तुकडा मला आजपर्यंत मिळाला नाही. तेव्हापासून माझा नियम, आवाज सापडला की कॉल पिशवीत आणि पिशवी खुंटीला, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानानं ऐकून मग ठरवायचं. आणि तू तर पहिले चार-पाच टोनबोर्ड पॅकिंग पेटीच्या फेकाऊ लाकडाचेच कर.

आता लाकूड. तुझी बांबूची नळी छान आहे, ती फेकू नको, पण टोनबोर्ड बांबूचा ठेवू नको. तोंडातली वाफ लागली की बांबूचे रेषे उभे होतात आणि पत्ती त्यात अडकते. बॅरल बांबूचं आणि इन्सर्ट लाकडाचा, ही जोडी आपल्याकडं सगळ्यात स्वस्त आणि चांगली. मानवेल आतून भरीव नाहीतर जाड भिंतीचा राहते म्हणून भोक पाडता येते, कळकापेक्षा बरा, फक्त ड्रिल करताना वरून पाइपाचा क्लिप कसून बांध म्हणजे चिरणार नाही. कापलेला बांबू काही दिवस पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवला तर त्यातली साखर-पिठी निघून जाते आणि भुंगा लागत नाही, आपले म्हातारे तलावात बांबू बुडवून ठेवायचे ते यासाठीच.

इन्सर्टसाठी मला विचारशील तर हळदू. पिवळं, बारीक रेषांचं, खरादावर लोण्यासारखं चालते आणि कड तीक्ष्ण धरते. सागवान चालते पण तेलकट आणि मऊ, कड लवकर जाते. बिजा चांगला, शिसम उत्तम, बाभूळ जड आहे पण आवाज टणक देते. यासाठी जंगलात कुऱ्हाड घेऊन जायचं काम नाही, तो गुन्हाही आहे आणि गरजही नाही. एका कॉलला मुठीएवढा तुकडा लागते, दरवाजे-चौकटी करणाऱ्या सुताराकडे असे तुकडे चुलीत जातात. आणि खराद नाही म्हणून अडून बसू नको, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आणि त्यांची चाकं करणारे कारागीर तुझ्या आजूबाजूला असतीलच, पोळा झाल्यावर त्यांच्याकडे जा, त्याआधी त्यांना मान वर करायला वेळ नसते. मापाचा कागद दे, एका इन्सर्टला त्यांना दहा मिनिटं लागतात. काही जण फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवतात, ती चमक कोणत्याही पॉलिशला येत नाही.

लाकूड वाळलेलंच पाहिजे, यात मात्र घाई करू नको. आपल्याकडं मे मध्ये पारा ४५ च्या वर आणि जुलैत कपाटातले कपडे ओलसर, एवढा फरक कोणतंही कच्चं लाकूड सहन करत नाही. उन्हाळ्यात नळी तडकते, पावसाळ्यात इन्सर्ट फुगून अडकून बसते. तुकड्याच्या दोन्ही टोकांना मेण लाव, सावलीत ठेव, दर आठवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन कर आणि वहीत लिही, दोन-तीन आठवडे वजन तेच राहिलं की वाळलं. नळीच्या तोंडाला पितळेची रिंग बसवली तर तडकायची भीती निम्मी होते.

काही झाडं मात्र अजिबात नको. बिब्बा तर नकोच, त्याच्या रसानं कातडीवर फोड येतात हे तुला घरच्यांनीही सांगितलं असेल. कण्हेर विषारी आहे, अंगणात सहज मिळते म्हणून पोरं तिची काडी घेतात. रुईचंही तेच. ही वस्तू ओठाला लागते, हे कायम डोक्यात ठेव. शिसम-बिज्याचा भुसा नाकात गेला तर त्रास होते, घासताना तोंडाला दुपट्टा बांध.

वरून लावायला जवसाचं तेल, घाणीचं. पातळ हात द्यायचा, पुसून टाकायचा, दोन दिवस थांबायचं, असे चार हात. टोनबोर्डावर आणि नालीत तेल नको, चिकट थर बसला की पत्ती उठत नाही. आणि तेल पुसलेला फडका चुरगळून कोपऱ्यात फेकू नको, जवसाचं तेल वाळताना गरम होते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर मोकळा टाक नाहीतर पाण्यात बुडव. पाचर मी हवाई चपलेच्या रबराची करतो, बुचाच्या कॉर्कपेक्षा जास्त दिवस टिकते आणि कुठंही मिळते.

एवढं सगळं बरोबर करूनही आवाज येणार नाही, जर तू गालातून फुंकलं तर. तोंडात हवा भरून बासरीसारखं सोडायचं नसते. चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण 'हा' करून वाफ सोडतो तशी गरम हवा पोटातून आली पाहिजे, आणि ती तोडली पाहिजे. दारात आलेल्या कुत्र्याला आपण 'हाड्' म्हणतो ना, पोट आत जाते आणि शेवटी आवाज कापला जाते, तेच कॉलमध्ये म्हण. आधी कॉल न घेता वीस वेळा 'हाड्' म्हणून बघ, पोटावर हात ठेवून. मग कॉल लावून. दुसऱ्या हाताची ओंजळ इन्सर्टच्या मागच्या तोंडावर धर, उघडली की आवाज मोकळा, मिटली की दूरचा.

आणि आवाज कोणाचा काढायचा ते आधी ठरव, हे मला उशिरा समजलं. पहिली दोन वर्षं मी जे वाजवत होतो ते कोणत्याच पाखराचं नव्हतं. आमच्याकडच्या एका धीवर आजोबांनी ऐकलं आणि म्हणाले, "बाबू, हे त यंत्र वाजते, आधी पाळीवर बसून आयक." त्यांच्यासोबत हिवाळ्याच्या पहाटे बसलो तेव्हा कळलं की अमेरिकन कॉल ज्या मॅलार्ड बदकाचा आवाज काढतात, त्याच्या मादीच्या आवाजाशी आपल्या हळदी-कुंकू बदकाच्या मादीचा आवाज पुष्कळ जुळते. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके, बारा महिने इथंच राहणारं बदक. 'क्वॅक' ही मादीच करते, नराचा आवाज बसक्या गळ्याचा. मादी पहिला एक-दोन आवाज मोठा काढते आणि मग उतरत जाते, क्वॅऽक, क्वॅक, क्वॅक, क्वक, क्वक. ही उतरण आली की समज कॉल जमला.

अडई मात्र क्वॅक करत नाही, ती शीळ घालते, रात्री गावावरून उडत जातात तेव्हा ऐकली असशील. तिला पत्तीचा कॉल कामाचा नाही, सिट्टी लागते. तलवार बदकाचा नरही शिट्टीच मारते. चक्रवाकाचा आवाज वेगळाच, नाकातून आल्यासारखा. म्हणून एका कॉलमधून सगळी बदकं काढायचा हट्ट करू नको.

कान तयार करायला सगळ्यात चांगली शाळा म्हणजे पाळलेली गावठी बदकं, त्यांची मूळ जात मॅलार्डच. फक्त तोंडाला लाल मांसल गाठी असलेलं जाडं बदक, ज्याला मस्कोव्ही म्हणतात, त्याच्याकडून शिकू नको, ते नुसतं फुसफुसते.

आता तुझा तिसरा प्रश्न, तलावावर वाजवू का. माझं उत्तर नाही असंच आहे, आणि जरा स्पष्ट बोलतो. तिकडे अमेरिकेत हा कॉल शिकारीसाठीच जन्मला, परवाना काढून ठरलेल्या मोसमात तिथं बदकाची शिकार कायद्यानं करता येते, आर्कान्सामधल्या स्टुटगार्ट गावात १९३६ पासून कॉल वाजवायची मोठी स्पर्धा भरते. आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हेही शिकारीतच मोजतात. तू मारायला जात नाहीस हे मला माहीत आहे. पण नवेगाव बांधच्या तलावावर काय किंवा आपल्या कोणत्याही मालगुजारी तलावावर काय, हिवाळ्यात जी बदकं उतरतात त्यातली पुष्कळ हिमालय ओलांडून आलेली असतात, त्यांना खायचं असते, आराम करायचा असते. खोट्या आवाजानं त्यांना दहा वेळा उठवलं तर तेवढी ताकद त्यांची वाया जाते. पावसाळ्यात हळदी-कुंकूची अंडी-पिल्लं असतात, तेव्हा तर मादी घरटं सोडून उठायला नको. मी तलावावर जातो ते फक्त ऐकायला, मोबाइलवर रेकॉर्ड करतो, आणि कॉल घरी येऊन वाजवतो.

कधी कोणी गाडीतून येऊन विचारते, दोन हजार घ्या पण पाखरं खाली उतरतील असा कॉल द्या. अशांना मी कॉल दाखवतसुद्धा नाही. तुझ्याकडेही येतील, आवाज चांगला निघायला लागला की येतातच, तेव्हा तोंडावर नाही म्हण. माझे कॉल शाळेतली पोरं घेऊन जातात, एका गुरुजींनी पाच नेले, पोरांना बदकांची नावं आवाजासकट शिकवायला, आणि मला त्या पाच कॉलचं समाधान आहे तेवढं कशाचंच नाही.

तर तू आता एवढं कर. बांबूची नळी तीच ठेव, इन्सर्ट नवा कर, टोकाला आधी एकच मिलिमीटर उतार दे. बाइंडिंग कव्हरची साठ मिलिमीटरची पत्ती लाव, कोपरे छाट, आणि आखूड करायच्या आधी आवाज रेकॉर्ड करून मला पाठव. 'चीं' राहिला तर उतार वाढवायचा आहे, 'फुस्स' झाला तर पाचर ढिली आहे किंवा कड गोल झाली आहे, आणि 'घों' आला तर कात्री ठेवून दे आणि नेलकटर शोध, तू अगदी जवळ आला आहेस.